खर्चाच्या रकान्यात माणूस नाही

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेलं थोडं लिहिताना घातलं आहे.)



संयोजकांनी मला पर्यावरणावर बोलायला सांगितलं. पर्यावरण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. झाडं लावा, वाघ वाचवा, आणि रविवारी सकाळी हातमोजे चढवून किनाऱ्यावरचं प्लास्टिक वेचणारी बंगल्यातली माणसं. सोमवारी पेपरात त्यांचा फोटो. आपली माय रोज वेचते, तिचा फोटो कुणी काढत नाही. तेव्हा ह्या विषयाचा तुम्हाला कंटाळा असेल तर मला तो कळतो.

मी झाडांवर बोलणार नाही. मी एका फॉर्मवर बोलणार आहे. हसू नका. मी नगरपालिकेच्या लेखा विभागात जन्म घालवलेला कारकून आहे. मला कविता येत नाही, मला बिल येतं.

तर एका बिलापासून सुरुवात करतो. ते मी स्वतः टाईप केलेलं आहे.

१९९७ सालचा मे महिना. आमच्या गावाच्या वेशीवर हायवेच्या वळणावर ॲसिडचा टँकर पालथा झाला. वळणाच्या एका अंगाला पेट्रोलपंप, दुसऱ्या अंगाला नाला आणि नाल्याच्या काठाला आपली वस्ती. नाल्याच्या काठाला दुसरं कोण असणार? ॲसिड उताराने निघालं आणि नाल्यात शिरलं. पोलिसांनी दोर बांधला, पंपावरची माणसं लांब हलवली. वस्तीला सांगितलं, दारं लावून आत बसा. निम्म्या घरांना दारं नव्हतीच, गोणपाटं होती.

मग नगरपालिकेचा ट्रक आला. मुकादमाने बाजारातल्या झाडूवाल्यांतून चौघांना उचलून आणलं होतं. चौघेही कंत्राटदाराचे. त्यात माझा मामा. पायात स्लिपर, तोंडाला टॉवेल. हुकूम झाला, चुना टाका. चार तास त्या चौघांनी पोती फोडून ॲसिडवर चुना टाकला. ॲसिडवर चुना पडला की उकळी येते, वाफ उठते, शिंतोडे उडतात. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. हुकूम देणाऱ्याला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे, आणि देवावर तर आपला विश्वास नाही.

आठवडाभराने कागद माझ्या टेबलावर आले. साफसफाईचा खर्च टँकरमालकाकडून आणि त्याच्या विमा कंपनीकडून वसूल करायचा, म्हणून बिल तयार करायचं होतं. चुन्याची पोती इतकी. वाळूचे ट्रक इतके. जेसीबीचे तास. अग्निशामक बंबाच्या फेऱ्या. बंबाचा एक पाइप ॲसिडने खाल्ला, त्याची नव्या पाइपाची पूर्ण किंमत. साहेबांच्या जीपचं डिझेल. चहापाणी. मी एकेक ओळ टाईप करत गेलो. शेवटची बेरीज मारली आणि मग ध्यानात आलं, चुना आहे, पण चुना टाकणारे कुठे आहेत?

हेडक्लार्ककडे गेलो. तो वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याने चष्मा वर करून मला शांतपणे समजावलं, “अहो, ती माणसं कंत्राटदाराची. आणि त्या दिवशी ती कामावर होतीच ना? बाजार झाडायच्या ऐवजी तिकडे गेली. वेगळा खर्च झालाय कुठे?”

मी परत येऊन बसलो. तीन कार्बन प्रती काढल्या, सही घेतली, आवक-जावक रजिस्टरला नोंद केली. त्या रात्री मामा दाराशी बसलेला. दोन्ही पायांना फडकी. मला म्हणाला, “काय रे भाच्या, टँकरचं बिल तूच केलंस म्हणे. माझं किती लावलंस?”

मी म्हटलं, “मामा, तुमचं कंत्राटदार बघेल.”

एवढंच बोललो. पुढची पंचवीस वर्षं हे वाक्य माझ्या घशात आहे.

आता त्या फॉर्मकडे येतो. निवृत्त झाल्यावर मला नाद लागला की दुनियेत दुसरीकडे असलं बिल कसं करतात. आपल्यातला एक पोरगा अमेरिकेत शिकतोय, त्याच्याकडून मी तिथल्या सरकारचा फॉर्म आणि त्यामागचे नियम मागवले. शब्दकोश घेऊन पंधरा दिवस बसलो. अमेरिका कशाला, असं कुणी विचारेल. आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत संघटना काढली तेव्हा नाव तिथल्याच काळ्या पँथरांचं घेतलं होतं. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र घातलं. त्यात काय मागितलं होतं? तिथल्या निग्रो काँग्रेसने युनोकडे जो अर्ज केला होता त्याच्या दोनतीन प्रती. बाबासाहेबांनी तिकडून कागदच मागवला होता. आपणही तिकडचा कागद वाचायला हरकत नाही.

अमेरिकेत १९७८ साली नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या वस्तीचं प्रकरण उघडकीला आलं. रसायनांचा पुरलेला कचरा, वर शाळा आणि घरं. बोभाटा झाला आणि डिसेंबर १९८० मध्ये कायदा आला. त्याला लोक सुपरफंड म्हणतात. विषारी जागा साफ करायची, खर्च घाण करणाऱ्याकडून वसूल करायचा, आणि तो सापडला नाही किंवा बुडाला तर फंडातून भागवायचं. फंडासाठी तेल आणि रसायन कारखानदारांवर कर बसवला. कारखानदारांनी काय केलं असेल ते तुम्ही ओळखा. १९९५ साली कराची मुदत संपली आणि तो पुन्हा लावायला २०२१ साल उजाडलं. तेही आधी रसायनांवर. तेलावरचा कर २०२२ च्या कायद्याने परत आला. मधल्या काळात घाण कुणी केली आणि पैसे कुणाच्या खिशातून गेले, हा हिशोब तिथल्या करदात्याला विचारा.

ह्या फंडातून पैसे परत मागायचे दोन रस्ते आहेत. खाजगी माणसाला किंवा कंपनीला मागायचे असतील तर काम सुरू करण्याआधी सरकारची पूर्वपरवानगी काढावी लागते. त्याचा फॉर्म वेगळा, दाव्याचा वेगळा. आधी घाण करणाऱ्याकडे मागणी करायची, साठ दिवस वाट पाहायची आणि मग फंडाच्या दारात यायचं. दुसरा रस्ता गावांसाठी. कायद्यात १९८६ साली दुरुस्ती झाली त्यातून तो निघाला. एखाद्या गावात रसायनाचा टँकर उलटला, कुणी रात्री पिंपं टाकून गेला, आणि गावाने स्वतः धावपळ केली, तर त्या गावाने एक फॉर्म भरायचा. नंबर ९३१०-१. एका घटनेला जास्तीत जास्त २५,००० डॉलर मिळतात. काम संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज. सोबत पावत्या. घाण करणाऱ्याकडून, विम्याकडून, राज्याकडून वसुलीचा प्रयत्न करून पाहिला याचं निवेदन. आणि गावाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याची सही.

पहिली गोष्ट इथेच. अर्जदार कोण? शहर, कौंटी, गावठाणाचं सरकार, किंवा केंद्राने मान्यता दिलेली आदिवासी जमात. राज्य सरकारलासुद्धा अर्ज करता येत नाही. वस्तीला तर नाहीच. ज्या घरात धूर शिरला ते घर अर्जदार होत नाही. आपल्या सगळ्या अर्जांचा जन्माचा अनुभव हाच आहे. ज्याला लागलं त्याने सांगायचं नाही, त्याच्या वतीने पाटलाने सांगायचं.

पण मी ज्यासाठी हा फॉर्म आणला ती गोष्ट पुढे आहे. नियमांत दोन याद्या आहेत. कुठला खर्च चालेल आणि कुठला चालणार नाही. संघीय नियमसंहितेचा चाळिसावा विभाग, भाग ३१०. ज्याला बघायचा त्याने बघावा.

चालणारा खर्च ऐका. वापरून संपलेला माल. आपल्या भाषेत चुना आणि वाळू. भाड्याने आणलेली यंत्रं, म्हणजे जेसीबी. प्रयोगशाळेची तपासणी. बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ. लोकांना हलवण्याचा खर्च. कामगारांचा फक्त ओव्हरटाईम. नेहमीचा पगार नाही, कारण तो माणूस तसाही कामावर होता. माझा हेडक्लार्क आठवला! त्याने हा नियम जन्मात वाचला नव्हता, पण हिशोब शब्दाला शब्द तोच. आणि आणखी एक ओळ: गावाच्या मालकीचं जे सामान विषाने इतकं बरबटलं की पुन्हा वापरता येणार नाही, त्याच्या बदली नव्याची किंमत. म्हणजे आमच्या बंबाचा पाइप.

आता न चालणारा खर्च. वकिलाची फी नाही. फॉर्म भरायला लागलेला खर्च नाही. टिकाऊ यंत्रसामग्रीची खरेदी नाही. आणि ह्याच यादीत एक ओळ आहे, ती मी चार वेळा शब्दकोशातून काढून पाहिली, कारण मला वाटलं मी इंग्रजी चुकतोय. ही साफसफाई करताना झालेल्या आजारपणाचा, औषधोपचाराचा खर्च चालणार नाही.

पाइप बरबटला तर नवा पाइप. फुप्फुस बरबटलं तर रकाना नाही.

तिकडचा सुशिक्षित माणूस म्हणेल, बाबा, कामगाराच्या औषधपाण्याला वेगळा विमा आहे, वेगळं खातं आहे. असेल. मी त्याला खोटं म्हणत नाही. पण प्रत्येक खात्याने माणसाला दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवायचं आणि वस्तूला मात्र पहिल्याच खिडकीवर पैसे द्यायचे, ही रीत मी जवळून पाहिलेली आहे. आणि हे चुकून राहिलेलं नाही. १९८० साली त्या कायद्याचे मसुदे फिरत होते तेव्हा त्यांत विषाने आजारी पडलेल्या माणसांच्या भरपाईची कलमं होती. मंजूर होताना ती गाळली. जमीन ठेवली, माणूस गाळला. सुपरफंडातून मातीचा, पाण्याचा खर्च निघतो. आजारी माणसाने आपला दावा स्वतःच्या वकिलाने, स्वतःच्या पैशाने कोर्टात लढायचा.

बरं, माती तरी साफ होते का? इथे मला नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन कौंटीची हकीकत सांगायची आहे. मुंबईत आपली पोरं जे बोलत होती तेच तिथले लोक रस्त्यावर झोपून बोलत होते.

१९७८ च्या उन्हाळ्यात त्या राज्यात कुणीतरी ट्रान्सफॉर्मरचं विषारी तेल टँकरमधून रात्रीच्या वेळी सडकेच्या कडेला सोडत गेले. त्यात पीसीबी नावाचं रसायन. चौदा कौंट्यांमधल्या दोनशे चाळीस मैलांच्या आसपास सडकेची कड नासली. विल्हेवाटीचा खर्च वाचवायला केलेला धंदा. पुढे त्या सडका सुपरफंडच्या यादीत चढल्या. सडकेच्या कडेची माती खरवडून काढायची ठरली. पण खरवडलेली माती न्यायची कुठे? राज्याने जागा निवडली वॉरेन कौंटीतलं ॲफ्टन. गरीब मुलूख, काळ्यांची बहुसंख्या, पाणी जमिनीत फार खोल नाही आणि बरेच लोक विहिरीचं पाणी पिणारे. सप्टेंबर १९८२ मध्ये ट्रक सुरू झाले. लोक ट्रकपुढे आडवे झाले. बाया, पोरं, चर्चचे पुढारी. पाचशेच्या वर माणसांना अटक झाली. माती तरीही पुरली गेली.

आता कागद काय म्हणतो बघा. १९८६ च्या मार्चमध्ये त्या सडकांचं नाव सुपरफंडच्या यादीतून कमी झालं. काम पूर्ण. सडका स्वच्छ. आणि विष ॲफ्टनमध्ये. ते पुरलेलं विष निवळायला २००३ साल उजाडलं आणि एक कोटी ऐंशी लाख डॉलरांच्या घरात खर्च आला. गावकुसाच्या आतली घाण बाहेर टाकली की आत सोवळं होतं, हा हिशोब आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. महारवाडा कुठे होता? वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

वॉरेनच्या पोरांनी आणि पुढाऱ्यांनी मात्र एक काम केलं. ते आकड्यांच्या मागे लागले. त्यांच्यातल्या एका खासदाराने मागणी केल्यावर १९८३ साली तिथल्या सरकारी हिशोब तपासनिसांनी दक्षिणेतल्या आठ राज्यांतल्या विषारी कचऱ्याच्या चार जागा तपासल्या. चारांपैकी तीन काळ्यांच्या वस्तीत. १९८७ साली तिथल्या एका चर्चच्या आयोगाने सबंध देशाचा अहवाल काढला. शिव्या देण्याने जे झालं नाही ते त्या कागदाने झालं. शिव्या द्यायला माझी हरकत नाही. मी कारकून असलो तरी शिव्या मलाही येतात.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. २२ डिसेंबर २००८ च्या रात्री टेनेसीत किंग्स्टन इथल्या वीजकेंद्राच्या राखेचा बांध फुटला. राखेचा चिखल नदीत, घरांत. साफसफाईला शंभर कोटी डॉलरांच्या वर खर्च. हे पैसे सुपरफंडातून नव्हेत, वीजकेंद्र चालवणाऱ्या सरकारी महामंडळानेच घातले. ती राख उचलून आगगाडीने कुठे नेली? अलाबामात, पेरी कौंटीच्या युनियनटाऊनजवळ. काळ्यांचं, गरिबांचं गाव. आणि ज्या कामगारांनी ती राख उपसली त्यांतले कितीतरी पुढे आजारी पडले, काही मेले. तोंडाला बांधायला मास्क मागितले तर दिले नाहीत, अशी त्यांची तक्रार. कंत्राटदार कंपनीशी कोर्टात भांडता भांडता २०२३ साल आलं तेव्हा कुठे तडजोड झाली. बांध फुटून पंधरा वर्षं होत आली होती. शंभर कोटींचं बिल होऊ शकतं, आणि त्यात मास्क नसू शकतो.

आता आपल्याकडे या. भोपाळ तुम्हाला सांगायला नको. ३ डिसेंबर १९८४ ची पहाट. मी गॅसवर बोलत नाही, मागे राहिलेल्या कारखान्यावर बोलतोय. त्याच्या आवारात विष पडून राहिलं, जमिनीत मुरलं. २००५ मध्ये केंद्र सरकारच्या रसायन खात्याने जबलपूरच्या हायकोर्टात अर्ज केला की साफसफाईसाठी डाऊ केमिकलने शंभर कोटी रुपये आगाऊ भरावेत, कारण युनियन कार्बाइड त्यांनी २००१ साली विकत घेतली. हाही खर्च मागण्याचा एक फॉर्मच. डाऊ म्हणाली, आमचा संबंध नाही. वीस वर्षं गेली. जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा बारा बंद कंटेनरांत भरून धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला नेला आणि तिथे जाळला. खर्च १२६ कोटी. कुणाचा? केंद्र सरकारचा. म्हणजे तुमचा आणि माझा. जी माणसं आगपेटीवरही कर भरतात त्यांचा.

पीथमपूरचे लोक म्हणाले, भोपाळची घाण आमच्याकडे का? ३ जानेवारीला मोर्चा निघाला, दोन माणसांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला, भाजली. जूनअखेर जाळणं संपलं. आणि भोपाळच्या जमिनीखाली काय उरलंय? आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने हैदराबादच्या एका संस्थेबरोबर २०१० साली जो अभ्यास केला त्यात दूषित मातीचा आकडा अकरा लाख टनांचा आहे. ३३७ टन वर पडलेले होते, दिसत होते, म्हणून गेले.

असो. मला मामाकडे परत यायचं आहे.

मामाचे पाय दोन महिन्यांनी भरले. खोकला भरला नाही. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर रसायनाने भाजल्याचं लिहिलं होतं, पण कुठे भाजला, कुठल्या कामावर भाजला, हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून लिहिलं नव्हतं. दोन महिन्यांनी तो कामावर गेला तर मस्टरवर नाव नाही. त्याच्या जागी दुसरा. मग मी, लेखा विभागातला शहाणा भाचा, कायदा शोधायला निघालो.

भोपाळनंतर १९९१ साली आपल्याकडे सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. विषारी माल हाताळताना अपघात झाला आणि कुणी मेला, जखमी झाला, तर दोष सिद्ध न करता मदत मिळायची. कलेक्टरकडे अर्ज करायचा, पाच वर्षांच्या आत. मूळ कायद्यातल्या रकमा ऐका: मरण आलं तर २५,००० रुपये, औषधोपचाराला जास्तीत जास्त १२,५००. थोड्या आहेत, पण मामासाठी त्या डोंगराएवढ्या होत्या. मी अर्ज लिहिला. सुंदर अर्ज होता. कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाने तो वाचला आणि मला कलम तीन दाखवलं. मृत्यू किंवा इजा “कामगार नसलेल्या” व्यक्तीला झाली तर. म्हणाला, तुमचा माणूस कामगार आहे, त्याला हा कायदा नाही. त्याला १९२३ चा नुकसानभरपाई कायदा.

बरोबर होतं त्याचं. मी कंत्राटदाराकडे गेलो. कंत्राटदार म्हणाला, माझ्या मस्टरवर त्या दिवशी ही चार माणसं बाजारात झाडू मारत होती. ॲसिडवर कोण होतं मला काय माहीत?

समजलं तुम्हाला? एका कायद्यात तो कामगार आहे म्हणून बाहेर. दुसऱ्या दारात तो कामगार नव्हता म्हणून बाहेर. आणि माझ्या बिलात तो चुना होता.

पुढे कळलं की १९२३ च्या त्या कायद्यात कलम बारा होतं. कंत्राटदाराच्या माणसाला इजा झाली तरी ज्याने काम काढलं त्या मूळ मालकाकडेही मागता येत होतं. म्हणजे माझ्याच नगरपालिकेकडे. मुदत होती दोन वर्षं. मला कळलं तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. उशीर माफ करून घ्यायचा अर्ज करता आला असता. तो मी केला नाही. का केला नाही? कारण ज्या साहेबाविरुद्ध तो जाणार होता त्याच्या सहीने माझा पगार निघत होता. हे मी पहिल्यांदाच चारचौघांत बोलतोय. मामा २००४ साली गेला. खोकतच गेला. ॲसिडमुळे गेला असं मी म्हणत नाही. म्हणायला माझ्याकडे कागद नाही, आणि कागद नसताना आकडा लिहू नये एवढी शिस्त ह्या नोकरीने मला लावली आहे.

नंतर पुष्कळ झालं. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख द्या असं सुप्रीम कोर्टाने २०१४ साली सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केलं, आणि जन्माचा अपंग झाला तर कमीत कमी वीस लाख. ही लढून मिळवलेली गोष्ट आहे. पण त्यासाठी तो गटारात उतरला होता, अमुक दिवशी उतरला होता, अमक्याने उतरवला होता, हे आधी उभं करावं लागतं. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या साफसफाईचे नवे नियम काढले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी करायची, मंडळाने तपासायची, ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च घ्यायचा. चांगलं आहे. आता ठिकठिकाणी बिलं होतील. माझ्यासारखे कारकून ती टाईप करतील. त्या बिलांत चुना असेल, जेसीबी असेल, तज्ज्ञांची फी असेल. माझा प्रश्न एकच, खाली उतरणाऱ्याची ओळ त्यात कोण घालणार? साहेब घालणार नाही, हे मी पाहिलंय. कारकून घालू शकतो, पण कारकुनाला भीती असते, हे मी स्वतःवरून सांगतो.

म्हणून मी ही वही आणली आहे. शंभर पानी, साधी. तुमच्यातले निम्मेजण सफाई खात्यातल्या घरांतले. प्रत्येक वस्तीत अशी एक वही ठेवायची. कुठेही टँकर उलटला, पिंपं सापडली, रसायनाच्या गटारात माणूस उतरवला, तर त्याच रात्री लिहायचं. तारीख आणि वेळ. वाहनाचा नंबर, टँकरवर रंगवलेला मालाचा आकडा आणि खुणेची पाटी जशी असेल तशी. कोण उतरलं. हुकूम कुणी दिला, मुकादमाचं नाव. पायात काय होतं, तोंडाला काय होतं. मस्टरवर त्या दिवशी कुठली हजेरी लागली. दोन शेजाऱ्यांच्या सह्या, सही येत नसेल तर अंगठा. हल्ली तुमच्याकडे मोबाईल आहेत, फोटो काढा, पण वहीसुद्धा लिहा. मोबाईल पाण्यात पडतो, हप्ता थकला की विकला जातो. दवाखान्यात गेलात तर डॉक्टरला सांगून केसपेपरवर जागा आणि काम लिहून घ्यायचं. तो कंटाळा करेल. दारातून हलायचं नाही.

आणि आठ दिवसांत त्याची एक प्रत नगरपालिकेच्या आवक खिडकीवर द्यायची, शिक्का मारून पोच घ्यायची. शिक्का मारलेला कागद फाईलला लागला की बिल करणाऱ्या कारकुनाला सांगता येतं, साहेब, ही ओळ मी घातली नाही, कागदावर आहे. त्या कारकुनाला एवढा आधार द्या. मला तो मिळाला असता तर मी ओळ घातली असती का? ठाऊक नाही. घातली असती असं वाटतं.

वही पुढच्या टेबलावर ठेवतो. पहिल्या पानावर मी १९९७ ची नोंद केली आहे. तारीख आठवली, ती आवक-जावक रजिस्टरला होती. टँकरचा नंबरही आहे, तो बिलात होता. मामाचं नाव लिहिलं आहे. बाकीच्या तिघांपैकी दोघांची नावं मिळाली. चौथ्याला सगळे ‘बारक्या’ म्हणत, त्याचं खरं नाव माहीत असलेलं कुणी आता सापडत नाही. वेशीजवळच्या वस्तीतून आज कुणी आलं असेल तर सभा संपल्यावर मला भेटा, घरात विचारून सांगा. ती जागा मी कोरी ठेवली आहे.